हौस तिची, हिशेब कुणाचा?

रॉक अँड रोलचा ‘राजा’ म्हटलं की एल्व्हिस प्रेस्लीचं नाव आपल्याकडेही चटकन घेतलं जातं. पण १९५६ साली ज्या ‘हाउंड डॉग’ गाण्यावर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, ते चार वर्षं आधी एका काळ्या बाईने रेकॉर्ड केलं होतं. विली मे थॉर्नटन, ऊर्फ बिग मामा. आपल्यापैकी कितीजणींनी हे नाव ऐकलंय?

१९२६ साली अलाबामात जन्मलेली ही बाई हार्मोनिका आणि ड्रम स्वतःच शिकली. कोवळ्या वयात फिरत्या कंपनीबरोबर घराबाहेर पडली. पुढे स्टेजवर खुशाल पुरुषी शर्ट-पँट घालून उभी राहायची. १९५३ साली तिचं ‘हाउंड डॉग’ बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातली बाई ऐतखाऊ पुरुषाला खडसावते. एल्व्हिसने गायलेल्या गाण्यात शब्द बदलले आणि पुरुषाच्या जागी खराखुरा कुत्रा आला! बाईचा राग गेला, धंदा तेवढा राहिला.

तिच्या सांगण्याप्रमाणे या गाण्याचे तिला मिळाले फक्त ५०० डॉलर. तेही एकदाच.

कुणी म्हणेल, गाणं तिने लिहिलं कुठे होतं? खरं आहे, ते लायबर आणि स्टॉलर या दोन गोऱ्या तरुणांनी लिहिलं. पण मग एल्व्हिसने तरी कुठे लिहिलं होतं? आणि ‘बॉल अँड चेन’ तर तिने स्वतः रचलं. ते जगभर गाजलं जॅनिस जॉप्लिनच्या आवाजात.

दुसरा युक्तिवाद जास्त गोड, म्हणून जास्त घातक : ‘तिला पैशाचं काय, तिला गाण्याचं वेड होतं.’ वेड होतंच. ती आयुष्यभर गायली. पण पुरुषाच्या वेडाला प्रतिभा म्हणायचं, त्याची रॉयल्टी मोजायची आणि बाईचं वेड म्हणजे हौस, तिला टाळ्या पुरे, हा कुठला न्याय? ही भाषा आपल्या ओळखीची आहे. स्वयंपाक ‘मायेने’ होतो, म्हणून फुकट. अंगणवाडीचं काम ‘सेवा’, म्हणून पगाराऐवजी मानधन. प्रेमाच्या नावाखाली श्रम लुटणं ही पुरुषसत्तेची जुनी रीत आहे. अमेरिकेत तिला वर्णद्वेषाची जोड मिळाली, एवढंच.

जुलै १९८४ मध्ये बिग मामा लॉस एंजेलिसच्या एका बोर्डिंग हाउसमध्ये वारली. वय ५७. दोन वर्षांनी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पहिले दहा मानकरी निवडले, त्यांत एकही बाई नव्हती. बिग मामाला तिथे जागा मिळाली २०२४ साली, मरणानंतर ४० वर्षांनी!

मरणोत्तर हारतुऱ्यांनी थकलेली मजुरी फिटत नाही. मैत्रिणींनो, हाच हिशेब आपल्या घरीही करू या. मोर्च्यांत, शिबिरांत आपण जी गाणी म्हणतो, त्यांतली कितीतरी वस्तीतल्या बायांनी रचलेली असतात. पुस्तिकेत मात्र खाली छापतो ‘पारंपरिक’. पुढच्या पुस्तिकेत त्या बाईचं नाव छापा. आणि कार्यक्रमाला गायला बोलावलंत, तर प्रवासखर्चासोबत तिची बिदागीही द्या.