सागवनातील विद्यार्थी आणि रोम

आलापल्लीच्या सागवनात वाढलेल्या विद्यार्थ्याने ग्रीस-रोमचा इतिहास कशासाठी शिकावा? वनरक्षकाची किंवा पोलीस भरतीची परीक्षा पुढे उभी असताना सीझरचे काय काम? प्रश्न व्यवहारी आहे. तेव्हा व्यवहाराच्याच बाजूने तो तपासावा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर यांची नावे आहेत. तेरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि भडोचहून इराणच्या आखाताकडे निघालेल्या जहाजांत साग भरलेला असे. इजिप्तमधील बेरेनिके बंदराच्या उत्खननातही सागाचे लाकूड सापडले आहे. (ते आलापल्लीचेच, असे अभिमानाने कुणी म्हणू नये!) भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि तिकडचा माल रोममध्ये शंभरपट भावाने विकला जातो, ही प्लिनीची तक्रार तेंदूपाने तोडणाऱ्या घरातील मुलाला अर्थशास्त्राच्या कोणत्याही व्याख्येहून लवकर उमगेल. मधला नफा कुणी खाल्ला, हे तो विचारल्यावाचून राहणार नाही.

दुसरे उदाहरण याहून मोलाचे आहे. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी रोमच्या प्लेबियनांचा दाखला दिला. त्यांना आपला कॉन्सल निवडता येई. पण तो देवतेला मान्य असल्याचा कौल पॅट्रिशियन पुरोहितांकडून यावा लागे, म्हणून मिळालेला हक्क दुबळाच राहिला. डेल्फीच्या कौलाचा त्यातील तपशील इतिहासकार मान्य करणार नाहीत. परंतु धर्माधिकाराची प्रमुख पदे प्लेबियनांना इ. स. पू. 300 मध्ये खुली झाली, तोवर ती पॅट्रिशियनांच्याच हाती होती, हे खरे. मताचा अधिकार मिळूनही सत्ता दुसरीकडेच का राहते, हे बाबासाहेबांनी रोमच्या आधाराने दाखविले. तो आधार ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती त्यांचा युक्तिवादही अर्धाच येतो.

2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला ग्रीक-लॅटिनचा स्वतंत्र विभाग परवडणार नाही, हे मान्य. त्याची निकडही नाही. इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना घेता येईल असा एक वैकल्पिक पेपर पुरे. तो मराठीतून असावा. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र करंदीकरांनी मराठीत कधीच आणले आहे. सोफोक्लिसचा ईडिपस पु. ल. देशपांड्यांनी आणला. प्लिनीचे निवडक उतारे तेवढे कुणीतरी भाषांतरित करावयास हवेत, आणि क्रमिक पुस्तकाच्या आरंभी तेरपासून बेरेनिकेपर्यंतचा एक नकाशा छापावा.