तिजोरीचा तुटवडा कोणाच्या पोटावर?

सरकारी निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघाला की राज्यकर्ते तिजोरीकडे बोट दाखवितात आणि कर्मचाऱ्यांचे पुढारी आपल्या सेवेकडे. या दोघांच्या वादात तिसरा माणूस कोणालाच दिसत नाही. पहाटे रस्ता झाडणारा, गटारात उतरणारा, इस्पितळाची फरशी पुसणारा तो कंत्राटी कामगार होय. आणि बंधुभगिनींनो, तो बहुधा आपल्याच घरचा असतो.

प्रथम तिजोरीची बाजू निःपक्षपातीपणे पाहू. जुन्या पद्धतीत अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळे. परंतु त्यासाठी ना पगारातून कपात होई, ना सरकार वेगळा निधी साठवी. त्या त्या वर्षीच्या महसुलातून ते भागविले जाई. आयुर्मान वाढले, निवृत्तांची संख्या वाढली आणि तो भार पुढल्या पिढीच्या माथी चढत गेला. म्हणून केंद्राने १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरदारांना अंशदानाची पद्धत लावली आणि त्यांचे म्हातारपण बाजाराच्या चढउतारावर टांगले. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला, तो याच भयाने. अखेर १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने हमीची एकीकृत योजना आणली. तीत दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपये आणि त्यावर महागाईची भर मिळते.

तुटवडा खरा आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु तो भरून काढण्याचा आणखी एक मार्ग गाजावाजा न करता चालू आहे. तो मार्ग म्हणजे पदच नाहीसे करणे! काम सरकारचे, पण माणूस कंत्राटदाराचा ठरला की त्याचे म्हातारपण सरकारच्या वहीत येतच नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत भरती करण्याचा निर्णय काढला. लोकक्षोभ उसळल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय गेला; कंत्राटाची वृत्ती मात्र गेली नाही. जेथे पद जाते तेथे राखीव जागाही जाते, हे आपण विसरता कामा नये.

कोणी म्हणेल, कंत्राटी कामगारालाही भविष्य निर्वाह निधी आहेच. आहे; पण कापलेली रक्कम भरली जाते काय? त्यातील निवृत्तिवेतनासाठीही दहा वर्षांची सेवा लागते. कंत्राटदार बदलला की खाते बदलते, आणि सेवेचे तुकडे जोडले न गेल्यास दहा वर्षे भरणार कशी? भरलीच, तर २०१४ साली ठरलेले किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये. त्याला महागाईची जोड नाही. ज्याच्याजवळ तेही नाही अशा दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे २०० रुपयांवर अडून राहिला. दहा हजार, एक हजार, दोनशे! ही उतरंड आपल्या ओळखीची नाही काय?

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या घटनेचे ४१ वे कलम वार्धक्यात साहाय्य मिळण्याचा हक्क सांगते. ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या त्यातील शब्दांवर विरोधक बोट ठेवतात. ठेवोत! कुवत अपुरी असेल तर तिची झळ सर्वांना सारखी लागली पाहिजे. सर्वांत खालच्या माणसालाच ती का? निवृत्तिवेतन ही कृपा नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १९८२ सालीच बजावले आहे. मग रस्ता झाडणे ही सेवा नव्हे काय?

म्हणून सुधारणा करावयाचीच तर ती अशी व्हावी. कायमचे काम तेथे कायमचे पद. दिलेल्या प्रत्येक वचनासाठी आजच निधी बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जनतेपुढे ठेवावा. कंत्राटदाराने अंशदान बुडविल्यास ते काम करून घेणाऱ्या संस्थेकडून वसूल व्हावे. किमान रकमा महागाईबरोबर वाढाव्यात.

तोवर आपण स्वस्थ बसू नये. उद्या कामावर जाल तेव्हा मुकादमाला आपला निधीचा खाते क्रमांक विचारा, भरणा झाल्याचा पुरावा मागा. एकट्याने नव्हे, दहाजणांनी मिळून मागा. दयेची भाकर आपण नाकारली आहे. आता घामाचा हिशेब चोख मागावयास शिकले पाहिजे.