बटण बसवा, पण चावी राहू द्या

कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, दहा-बारा वर्षांच्या जुन्या गाडीलाही आता ‘पुश स्टार्ट’ बसवून मिळतो. गोल बटण, तळहातात मावणारा काळा डबा, एक-दोन रिले, अँटेना, दोन रिमोट आणि वायरींचा जुडगा, एवढाच तो संच. खर्च काही हजारांत, काम अर्ध्या दिवसाचे. नव्या गाडीत हीच सोय हवी तर बहुतेक वेळा वरच्या व्हेरिएंटचे पैसे मोजावे लागतात, तेव्हा मोह होणारच. तो वाईट आहे असे मुळीच नाही. मात्र संच बसवताना चावीकडून कोणती कामे काढून घेतली जातात आणि ती कोणाच्या हवाली होतात, हे गाडीमालकाला क्वचितच कोणी सांगते.

आधी बटणाची बाजू पाहू. बटणाने गाडी चालू करणे हे काही आजचे फॅड नव्हे. चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारण्याचा हात मोडणारा खटाटोप हळूहळू संपला. त्यानंतर कित्येक वर्षे सेल्फ मारला जाई तो डॅशबोर्डवरच्या बटणाने, नाहीतर पायाखालच्या खटक्याने. चावी फिरवून इंजिन चालू करायची पद्धत क्रायस्लरने 1949 मध्ये आणली आणि मग ती सगळीकडे रुळली. म्हणजे या कामात बटण हे चावीपेक्षा वडीलधारे.

सोयही खरी आहे. जुन्या गाडीत चावीचा बॅरल झिजतो, आतले कॉन्टॅक्ट जळतात, चार वेळा फिरवले तरी सेल्फ उचलत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला किंवा मनगट अधू असलेल्याला चावी पिळणे हे रोजचे दुखणे असते. शिवाय चावी तेवढी निर्धोक, असेही नाही. जनरल मोटर्सने 2014 मध्ये सुरुवातीलाच सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या त्या चावीच्या स्विचपायीच. किल्ल्यांच्या जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी धावत्या गाडीत मागे सरके, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले.

आता दुसरी बाजू. स्टिअरिंगखालचे प्लास्टिकचे कव्हर उघडले की चावीच्या स्विचमागे चार-पाच जाड वायरी दिसतात: बॅटरीकडून येणारी, रेडिओ वगैरेंना वीज देणारी, इग्निशनची एक किंवा दोन आणि सेल्फची. संचातला डबा या वायरींना जोडला जातो आणि चावी जे क्रमाने करत होती ते रिलेंकडून करून घेतो. वीजजोडणीपुरते हे काम अवघड नाही. पण चावी वीजजोडणीपलीकडे आणखी दोन कामे करते. ती स्टिअरिंगचे कुलूप उघडते. आणि आपल्यातल्या चिपमधून इंजिनाच्या संगणकाला ओळख पटवते. ती पटली नाही तर सेल्फ फिरला तरी इंजिन धरत नाही. यालाच इमोबिलायझर म्हणतात.

बाजारातल्या बहुतेक स्वस्त संचांकडे या दोन कामांना उत्तर नसते, म्हणून वायरिंगवाला पळवाट काढतो. स्टिअरिंगच्या कुलपाचा खटका काढून टाकला जातो, किंवा बॅरलमध्ये चावी कायमची अडकवून ठेवली जाते. हा खटका काढण्यात हयगय झाली आणि तो धावत्या गाडीत अडकला, तर काय होईल हे सांगायला नको. चिपसाठी दुसरी, म्हणजे जपून ठेवलेली चावी कव्हरच्या आत अँटेनाच्या कड्याजवळ टेपने बांधली जाते. त्या क्षणापासून गाडीची ओळखपरेड संपते. कव्हर उघडून वायरी जोडणाऱ्या कोणालाही संगणक मालकच समजतो.

चोरांना अडवते ते काय, हे अमेरिकेत 2021-22 च्या सुमारास दिसून आले. किया आणि ह्युंदाईच्या चावीवाल्या, इमोबिलायझर नसलेल्या गाड्या तिथे झपाट्याने चोरीला गेल्या. बॅरल उपसून आतला दांडा यूएसबी केबलच्या टोकाने फिरवला की गाडी चालू. याच कंपन्यांच्या कारखान्यातून बटण लागून आलेल्या गाड्या मात्र या युक्तीला बधल्या नाहीत, कारण त्यांत इमोबिलायझर होता. बाहेर बसवलेल्या संचात अनेकदा याच्या नेमके उलटे घडते: बटण येते आणि पहारेकरी जातो.

याची झळ विम्यालाही लागते. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात. त्यातली एक गाडीतच बांधून ठेवलेली असेल तर दावा मागणाऱ्याने काय दाखवायचे? वायरिंगला हात लावल्याने वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते, ते वेगळेच.

उरलेले धोके रोजच्या वापरातले. संच ब्रेकच्या स्विचवर चालतो. ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, हे ठीक. पण आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या मॅन्युअल गिअरच्या. क्लचचा स्विच जोडलाच नाही आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असली, तर बटण दाबताच ती पुढे ढकलली जाते. काही संचांत तर रिमोटने दुरूनही सेल्फ मारता येतो. गिअरमध्ये सोडलेल्या मॅन्युअल गाडीला ही सोय नव्हे, अपघाताचे निमंत्रण आहे. डबा रात्रंदिवस जागा राहतो, त्याला वीजही लागते. समजा त्याने 50 मिलिअँपिअर ओढले, तर दिवसाला 1.2 आणि वीस दिवसांत 24 अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते. गणपतीत गाडी घरी ठेवून रेल्वेने कोकणात गेलेल्या माणसाने परतल्यावर हा हिशेब अनुभवायला हरकत नाही!

इंजिन बंद करण्याचाही विचार हवा. कॅलिफोर्नियात 2009 मध्ये एका लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर पायपुसण्यात अडकून भीषण अपघात झाला. चौघे दगावले. त्या गाडीत धावताना इंजिन बंद करायचे तर बटण तीन सेकंद दाबून धरावे लागे. हे ऐन घाईत कोणाला सुचावे? मोठ्या कंपनीच्या गाडीत ही अडचण, तर ज्याचे माहितीपत्रकही धड नसते त्या संचाची काय कथा.

या दोन बाजूंच्या मधली एक वाट आहे. होंडाने 1999 मध्ये आणलेल्या एस2000 गाडीत चावी फिरवून इग्निशन चालू करायचे आणि मग लाल बटण दाबून सेल्फ मारायचा, अशी रचना होती. जुन्या गाडीत हे करणे सोपे आहे. 40 अँपिअरचा रिले घ्यायचा. त्याच्या 30 क्रमांकाच्या टोकाला बॅटरीची वायर फ्यूजमधून आणायची, 87 वरून सेल्फच्या सोलेनॉइडला वीज द्यायची. 86 ला इग्निशनची वीज बटणातून द्यायची आणि 85 क्लचच्या स्विचमधून अर्थला न्यायचे. चावी ‘ऑन’ नसेल तर बटण मुके, क्लच दाबलेला नसेल तरीही मुके. स्टिअरिंगचे कुलूप शाबूत, चिप शाबूत, दोन्ही चाव्या मालकाकडे. सोलेनॉइडचा जड प्रवाह रिलेतून जातो, बटणाचे कॉन्टॅक्ट जळत नाहीत.

या वाटेलाही खोट आहेच. चावी खिशातून काढावीच लागते, म्हणजे अर्धी हौस मारावी लागते. आणि इंजिन चालू असताना बटण चुकून दाबले गेले तर सेल्फचे दात फ्लायव्हीलच्या दातांवर खरवडतात. अनेक गाड्यांच्या चावीच्या स्विचमध्ये याला अटकाव असतो, साध्या बटणात नसतो. म्हणून बटण कोपर लागेल किंवा मुलांचा हात पोचेल अशा जागी नको.

तेव्हा निवाडा गाडीगणिक वेगळा. वॉरंटीतल्या किंवा चिपची चावी असलेल्या गाडीत संपूर्ण संच बसवू नये. मिळते त्याहून जाते जास्त. मारुती 800 किंवा पद्मिनीसारख्या, चिप नसलेल्या जुन्या गाडीत चावी राखून नुसते सेल्फचे बटण बसवायला हरकत नाही. ज्यांना हातांच्या दुखण्यामुळे बिनचावीची सोय हवीच आहे, त्यांनी पुढची गाडी घेताना कारखान्यातूनच बटण असलेली घ्यावी. ते परवडत नसेल आणि संचच बसवायचा असेल, तर विमा कंपनीला आधी लेखी कळवावे आणि वायरिंगवाल्याला कामाला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: माझी दुसरी चावी कुठे राहणार, स्टिअरिंगच्या कुलपाचे काय करणार, आणि क्लचचा स्विच जोडणार का? तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर गाडी तशीच घरी आणावी.