गाडी विकली, नाव राहिलं

साताऱ्याहून सकाळी साडेसहालाच निघायचं, कारण गाडी गार असताना बघायची. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने पुण्याच्या डीलरला फोनवर बजावलं होतं, "आम्ही येईपर्यंत चालू करू नका." रात्रभर उभं असलेलं इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, आतून काही खडखडतं का, हे त्या पहिल्या मिनिटात कळतं. आधीच तापवून ठेवलेली गाडी यातलं बरंचसं झाकून टाकते.

नवरा-बायको दोघंही साठीला टेकलेले. दारातली छोटी पेट्रोल गाडी बारा-तेरा वर्षांची, अजून धडधाकट. पण मुलगी पुण्यात, खंबाटकीचा घाट सारखा ओलांडावा लागतो, आणि बायकोच्या गुडघ्यांना ती बसकी सीट आता सोसत नाही. नवीकोरी घ्यावी का, हाही विचार झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा वहीत पुन्हा हिशेब मांडला गेला. तरीही एवढ्याशा वापराला तीन-चार वर्षं चाललेली, नीट राखलेली गाडी पुरे, असं दोघांनी ठरवलं. ठरवलं ते योग्यच. शिवाय नवीचा भाव उतरला की जुनीलाही उतरावं लागतं. घासाघीस करताना हे ध्यानात असलेलं बरं.

तिची अट मात्र पक्की होती. "अहो, गाडी २०२२ ची किंवा त्यानंतरचीच हवी. मी डावीकडे बसते."

या अटीमागे कायद्याचा इतिहास आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटच्या एअरबॅगची सक्ती सगळ्या नव्या गाड्यांना लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उलटावा लागला. मधल्या काळातल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत एकच एअरबॅग आहे, तीही स्टिअरिंगमध्ये. ज्या घरात एक जण कायम चालवतो आणि दुसरी कायम शेजारी बसते, तिथे हा फरक जिवावर बेतणारा आहे. जाहिरातीत तो सहसा दिसत नाही. दार उघडून, डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला एअरबॅगची खूण कोरलेली आहे का, हे स्वतः बघावं लागतं.

पहिल्या ठिकाणची पांढरी गाडी डोळ्यांत भरली. २०२२ चं मॉडेल, सिंगल ओनर, मीटरवर अठरा हजार किलोमीटर. इंजिनही एका सेल्फला उठलं. मग तो टायरपाशी उकिडवा बसला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१२२ असेल तर टायर २०२२ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला. इथे चारही टायर २०२५ चे निघाले. अठरा हजारांत चारही टायर कशाला बदलावे लागले? ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं अंगठ्यांच्या जागी चकचकीत. सर्व्हिसच्या नोंदी मागितल्यावर "त्या काय, मिळतील नंतर" असं उत्तर आलं. मीटरवरचा आकडा खरा वाटेना. दोघं उठून बाहेर पडले.

दुसऱ्या डीलरकडे करड्या रंगाची, त्याच सालातली, बेचाळीस हजार चाललेली गाडी होती. इथे नोंदींची फाईल आधीच काढून ठेवलेली. त्याने काचांच्या कोपऱ्यांतल्या वर्षाच्या खुणा ताडून पाहिल्या. एखादी काच बदललेली असली की ती वेगळी पडते. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला नव्हता, म्हणजे पान्याने छेडलेले नव्हते. तिने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, कारण पुराच्या पाण्याची गाळाची रेघ तिथे लपून राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरने काय पाहिलं, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढे टेस्ट ड्राइव्हमध्ये ती डावीकडे बसली, दोनदा चढली-उतरली, आणि मान हलवली.

एवढ्यावर दिवस संपायला हवा होता. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुढे, जुन्या गाडीवर.

"एक्स्चेंजमध्ये टाकून जा," डीलरचा माणूस म्हणाला आणि मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० टेबलावर ठेवले. घेणाऱ्याचं नाव कोरं. "गिऱ्हाईक लागलं की आम्ही भरतो."

त्याने पेन उचललंसुद्धा. तिने त्याचा हात धरला. "अहो, नाव कुणाचं लिहिणार?"

हा प्रश्न प्रत्येक विकणाऱ्याने विचारायला हवा. गाडी हातातून गेली तरी आरसीवर नाव असेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्या प्रकरणातली गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. ती हातोहात पुढे गेली, २००९ मध्ये तिच्याखाली एक जीव गेला, आणि भरपाईची जबाबदारी आली आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर. दोन वर्षं ज्या गाडीशी संबंध नाही, तिच्यासाठी! ई-चलानही त्याच नावावर येतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवरची सही हे दोन्ही दुसऱ्याच्या मर्जीवर सोडून देते.

यावर रीतसर वाट आहे आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही, ही खंत आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घेता येतं, फॉर्म २९ए वर अर्ज करून. अशा डीलरला गाडी देताना मालक आणि डीलर मिळून फॉर्म २९सी ऑनलाइन भरतात. तिथून गाडी विकली जाईपर्यंत तो डीलरच मालक मानला जातो. त्या काळात काही घडलं तर जबाबदारी त्याची.

तिने अधिकारपत्र मागितलं. माणूस जरा घुटमळला, मग आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. अधिकारपत्र होतं, चालू मुदतीचंही होतं. फक्त कुणी मागत नाही म्हणून काढलं जात नव्हतं. २९सी भरायचं ठरलं. करड्या गाडीवरचं बँकेचं कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बोजा अजून दिसत होता. म्हणून फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय टोकनच्या वर एक रुपया नाही, असं तिने सांगितलं. मॅनेजरने ते पावतीवर लिहून दिलं.

परतीच्या वाटेवर, खेड-शिवापूरचा टोल ओलांडल्यावर, तिने विमा कंपनीला फोन लावला. वर्षानुवर्षं क्लेम न केल्याने त्यांचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचला आहे. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकल्यावर तसं पत्र घेतलं, तर करड्या गाडीच्या विम्यातल्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर तीच सूट मिळते. कोणते कागद लागतील ते ती पावतीच्या मागे लिहून घेत होती: आरसीची प्रत, विक्रीचा पुरावा, जुनी पॉलिसी.