धुण्याच्या बादलीतील धूळ

'थोड्याशा संपर्काने काय बिघडते?' हा ॲस्बेस्टॉसच्या व्यापाऱ्यांचा जुना युक्तिवाद आहे. त्याला उत्तर १९६५ सालीच मिळाले. लंडनमध्ये न्यूहाउस व टॉम्प्सन यांनी मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या वा पोटाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या, ७६ रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला. त्यांपैकी नऊ जणांनी ॲस्बेस्टॉसचे काम स्वतः कधीच केले नव्हते. ते करीत होते त्यांच्या घरातले कोणी. नऊपैकी सात स्त्रिया. नवऱ्याचे कामाचे कपडे धुणे, एवढाच बहुतेकींचा गुन्हा!

संपर्क कमी तर धोका कमी, हे खरेच. परंतु ज्याच्या खाली धोकाच उरत नाही असे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेलाही सापडलेले नाही. शिवाय रोग उद्भवतो तो तीस-चाळीस वर्षांनी. तोवर मालक बदललेला असतो, कारखानाही कदाचित उरलेला नसतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. निकाल स्वागतार्ह होता. पण नोंद कोणाची? हजेरीपटावर असलेल्याची. करवतीने सिमेंटचा पत्रा कापणारा नाक्यावरचा मजूर, जुनी शेड पाडणारा बिगारी आणि त्याचा सदरा झटकून धुणारी त्याची बायको कोणत्याच वहीत नाहीत. त्यांचा 'अल्प' संपर्क मोजतो कोण? युरोपीय संघाने २००५ पासून ज्याला दार बंद केले, ते खनिज येथे आजही जहाजांनी उतरते. ती आयात थांबलीच पाहिजे, आणि जुने पत्रे उतरवणाऱ्यांची नोंद व तपासणी सरकारी खर्चाने झाली पाहिजे.