तारीख आधीं, काम मागाहून

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव संगणक-अभियांत्रिकीची पदवी घेऊन कांहीं वर्षें नोकरी केल्यावर आतां पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेंतील एका विद्यापीठांत जाण्याच्या विचारांत आहेत, व तेथील अभ्यासक्रमांत 'माहिती-प्रणालींच्या प्रकल्पांचें व्यवस्थापन' असा एक संपूर्ण सत्राचा विषय आहे. घरांतील वडील मंडळींचा आक्षेप असा कीं, यंत्राची विद्या समजण्यासारखी आहे. पण यंत्राचें काम करणाऱ्यांवर देखरेख करण्याची विद्या ती कसली? तो तर मुकादमाचा धंदा. त्यासाठीं कर्ज काढून सातासमुद्रांपलीकडे कशाला जावयाचें? भगिनींनीं आमचें मत मागितलें आहे. आम्ही संगणकशास्त्राचे अभ्यासक नव्हों. तथापि कोणताहि विषय कसा शिकविला जातो हें पाहण्याची आमची जन्माची खोड असल्यामुळें या विषयाचीं कांहीं पाठ्यपुस्तकें आम्हीं मिळवून वाचलीं. त्यांवरून जें मत झालें तें येथें मांडतों.

प्रथम शब्दाचा अर्थ. माहिती-प्रणाली म्हणजे केवळ संगणक नव्हे. बँकेची खातेवही, रेल्वेचें आरक्षण, रुग्णालयांतील नोंदी, विजेचीं बिलें यांची जी व्यवस्था यंत्रें, त्यांवर चालणाऱ्या आज्ञावली, त्या वापरणारीं माणसें व त्या माणसांचे नियम या चोहोंची मिळून होते, ती प्रणाली. अशी एखादी नवी व्यवस्था ठराविक मुदतींत व ठराविक पैशांत उभी करून चालू करून देणें हा प्रकल्प. घर बांधतांना भिंत किती चढली हें रस्त्यानें जाणाऱ्यासहि दिसतें. आज्ञावलीची भिंत कोणासच दिसत नाहीं. काम करणारा 'बहुतेक झालें' म्हणतो, आणि उरलेल्या थोडक्यास झालेल्या बहुतेकाइतकाच काळ लागतो. सांगणारा खोटें बोलतो असें नाहीं. त्यालाहि तें दिसत नसतें. हा विषय स्वतंत्रपणें शिकवावा लागतो त्याचें एक कारण हें.

अभ्यासक्रमाचा पहिला भाग क्रमाचा असतो. सबंध कामाचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, कोणता तुकडा कोणावर अवलंबून आहे तें रेषांनीं जोडून दाखवावयाचें, आणि त्या जाळ्यांतील सर्वांत लांब वाट शोधून काढावयाची. कारण त्या वाटेवरील एका दिवसाचा उशीर म्हणजे सबंध कामाचा एका दिवसाचा उशीर. ही पद्धति १९५७ सालीं अमेरिकेंतील ड्यूपॉन्ट व रेमिंग्टन रँड या कंपन्यांनीं मिळून बसविली, व पुढच्याच वर्षीं तेथील आरमारानें पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठीं तिच्यासारखीच दुसरी एक काढली. हें वाचतांना आम्हांस मीमांसकांचें स्मरण झाल्यावांचून राहिलें नाहीं. यज्ञांतील कृत्यांचा क्रम ठरविण्यासाठीं त्यांनीं सहा प्रमाणें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं एक अर्थक्रम. अग्निहोत्राचें विधान आधीं येतें, व यवागू म्हणजे पेज शिजविण्याचें मागाहून. परंतु होम त्या पेजेनेंच करावयाचा असल्यामुळें पेज आधीं शिजविली पाहिजे, असा निर्णय ते देतात. वाक्यांचा क्रम कांहींहि असो, कामाच्या गरजेनें येतो तो क्रम खरा. आमचे कित्येक मित्र असें कांहीं साम्य आढळलें कीं 'हें सारें आमच्याकडे होतेंच' असें म्हणून मोकळे होतात. आम्हांस तसें म्हणावयाचें नाहीं. मीमांसकांनीं क्रम लावला, दिवस मोजले नाहींत. दिवस मोजणें ही नव्यांची भर आहे, व ती मोठी आहे.

दुसरा भाग अंदाजाचा. येथें फ्रेडरिक ब्रुक्स या गृहस्थांचें नांव घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. आय. बी. एम. कंपनीच्या 'सिस्टिम/३६०' या संगणकमालिकेच्या व तिच्या मुख्य आज्ञावलीच्या कामाची जबाबदारी यांच्याकडे होती. १९६४ सालीं त्यांनीं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत चॅपेल हिल येथें संगणकशास्त्राचा विभाग स्थापन केला, व १९७५ सालीं आपल्या अनुभवावर 'द मिथिकल मॅन-मन्थ' हें पुस्तक लिहिलें. २०२२ सालीं ते वारले. त्यांचा सिद्धान्त असा कीं, ज्या आज्ञावलीच्या कामास आधींच उशीर झालेला आहे त्यांत आणखी माणसें घातलीं तर उशीर वाढतो.

प्रथमदर्शनीं हें विपरीत वाटतें. परंतु आपल्या घरांतील भगिनींस तें चटकन पटेल. लग्नघरांत बुंदीचे लाडू वळावयास दहा जणी बसल्या तर काम दहापट लवकर उरकतें. पाकाकडे मात्र एकीनेंच पाहावें लागतें; दहा जणी पाहूं लागल्या तर तो लवकर होत नाहीं, बहुधा बिघडतो. आज्ञावलीचें काम लाडवांपेक्षां पाकाच्या अधिक जवळचें आहे. शिवाय प्रत्येक नव्या माणसास कामाची माहिती करून देण्यांत जुन्यांचा वेळ जातो, आणि एकमेकांशीं बोलण्याच्या जोड्या भराभर वाढतात. पांच माणसांत अशा जोड्या दहा होतात, दहांत पंचेचाळीस, आणि पन्नासांत एक हजार दोनशें पंचवीस. उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामांत आम्हांस याचा प्रत्यय पुष्कळदां आलेला आहे. मुदत जवळ आली म्हणून आयत्या वेळीं नवे परीक्षक बसविले कीं मुख्य परीक्षकाचे पहिले दोन दिवस त्यांस गुणदानाचें धोरण समजावून देण्यांत जातात, व पुढचे दोन त्यांनीं दिलेले गुण पुन्हां पाहण्यांत.

ब्रुक्स यांची दुसरी शिकवण इतकी प्रसिद्ध नाहीं, पण आमच्या मतें अधिक मोलाची आहे. एकूण वेळाचा तिसरा हिस्सा त्यांनीं विचार व आराखडा यांस दिला, प्रत्यक्ष आज्ञावली लिहिण्यास केवळ सहावा, आणि उरलेला सबंध अर्धा तपासणीस. मुदत तोकडी पडूं लागली कीं कात्री लागते ती या शेवटच्या अर्ध्यास, कारण तो शेवटीं असतो.

अशी कात्री लागली म्हणजे काय होतें याचें उदाहरण म्हणून पुष्कळ पुस्तकांत डेन्व्हर विमानतळाची हकीकत दिलेली असते. अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानांतील या शहरानें नवा अवाढव्य विमानतळ बांधावयास घेतला, व तो १९९३ च्या ऑक्टोबरअखेर उघडावयाचा असें ठरविलें. प्रवाशांचें सामान माणसांनीं न वाहतां संगणकाच्या आज्ञेनें रुळांवरून धांवणाऱ्या लहान गाड्यांनीं वाहावें, अशी योजना होती. सुमारे चार हजार गाड्या, वीस मैलांहून अधिक रूळ, आणि सुमारे १९ कोटी डॉलरांचें कंत्राट. १९९० सालींच एका सल्लागार मंडळीनें हें काम होण्यासारखें नाहीं असा अभिप्राय दिला होता. निविदा मागविल्या तेव्हां पुढें आलेल्या तिघांपैकीं एकासहि मुदतींत काम पुरें करून देण्याची तयारी दाखवितां आली नाहीं. जर्मनींतील म्यूनिक येथें याहून पुष्कळ सोपी व्यवस्था उभारण्यास दोन वर्षें लागलीं होतीं, व उघडण्यापूर्वीं ती सहा महिने अहोरात्र चालवून पाहिली होती. तेथील मंडळींनींहि डेन्व्हरकरांस सावध केलें. तरीहि १९९२ सालीं काम दिलें गेलें, घेतलें गेलें. इमारतींचे आराखडे तोंवर ठरून गेले होते, त्यामुळें रुळांस उरलेल्या जागेंतून वाट काढावी लागली. त्यांत विमान-कंपन्यांनीं मध्येंच नव्या मागण्या काढल्या. हा बर्फाच्या डोंगरांचा प्रदेश असल्यामुळें बर्फावर घसरण्याच्या लांब फळ्यांचीहि सोय पाहिजे, असें त्यांतील एकीनें सांगितलें.

१९९४ च्या वसंत ऋतूंत वार्ताहरांस बोलावून हें यंत्र चालवून दाखविण्यांत आलें. पेट्या फाटल्या, कपडे रुळांवर पसरले, गाड्या एकमेकींवर आदळल्या, आणि तीं चित्रें देशभर दूरचित्रवाणीवर दिसलीं. विमानतळ बांधून तयार, पण उघडतां येईना. दररोज सुमारे दहा लाख डॉलर या दरानें नुकसान होऊं लागलें. अखेर सुमारे पांच कोटी डॉलर खर्चून माणसांनीं चालविण्याची जुन्या पद्धतीची दुसरी व्यवस्था उभी करावी लागली, व २८ फेब्रुवारी १९९५ रोजीं, म्हणजे सोळा महिन्यांच्या विलंबानें, दरवाजे उघडले. ती यांत्रिक व्यवस्था एकट्या युनायटेड या कंपनीनें, तीहि केवळ जाणाऱ्या सामानासाठीं, कांहीं वर्षें वापरली. २००५ सालीं तीहि सोडून दिली.

हें परमुलखांतलें झालें. आपल्याकडील उदाहरण याहून अधिक जवळचें आहे, व त्याची झळ आपल्याच घरांतील मुलांस बसलेली आहे. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें सर्व परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या असें ठरविलें. संख्या सुमारे सतरा लाख. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांची ने-आण वांचते, बेरजेच्या चुका टळतात. परंतु या कामाचें कंत्राट एप्रिलच्या अखेरीस दिलें गेलें, आणि परीक्षा त्यापूर्वींच सुरू झालेल्या होत्या! चाचणीस वर्ष सोडाच, महिना उरला नाहीं. उत्तरपत्रिकांचीं छायाचित्रें घेण्यांत घोळ झाला, पुरवण्या हरवल्या, पुष्कळ प्राध्यापकांस पडद्यावर तपासण्याचा सराव नव्हता. कुलपति या नात्यानें राज्यपालांनीं ३१ जुलैची मुदत घातली, ती टळली. कित्येक निकालांस सप्टेंबर उजाडला. परदेशांत वा अन्य विद्यापीठांत पुढील प्रवेश मिळालेल्या मुलांच्या हातीं गुणपत्रिका नव्हती, आणि प्रवेश देणारे कोणासाठीं थांबत नाहींत. ऑक्टोबरमध्यें कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें. ज्यांचें वर्ष गेलें त्यांचें तें गेलेंच. याच विद्यापीठाच्या संगणकविषयक अभ्यासक्रमांत आज्ञावलींच्या प्रकल्पांचें व्यवस्थापन हा विषय शिकविला जातो, ही गोष्ट येथें नमूद केली पाहिजे.

डेन्व्हर असो कीं मुंबई, यंत्राचा दोष थोडा. दोन्ही ठिकाणीं अधिकारी माणसांनीं आधीं तारीख ठरविली, आणि काम किती आहे हें मागाहून पाहिलें. लग्नाचा मुहूर्तहि आपण आधींच धरतों हें खरें. पण तेथें वेळ अपुरा पडला तर पक्वान्न एक कमी करतां येतें, माणसें वाढवितां येतात. वेळ, पैसा व कामाचा पसारा यांपैकीं एक घट्ट धरला तर दुसरा सैल सोडावा लागतो, हें या शास्त्राचें पहिल्याच आठवड्यांत शिकविलें जाणारें सूत्र आहे. या दोन्ही ठिकाणीं तिन्ही घट्ट धरले गेले.

आतां मुकादमाच्या आक्षेपाकडे वळूं. मुकादम वरची आज्ञा खालीं पोंचवितो. या विषयांत तयार होणाऱ्या माणसाचें काम याच्या उलट आहे. खालचें खरें वर्तमान त्यानें वर पोंचवावयाचें असतें, तेंहि वेळेवर व आंकडे हातांत घेऊन. पुस्तकांत यासाठीं 'जोखमींची वही' ठेवावयास सांगतात. कोणती अडचण कोणास केव्हां दिसली, कोणास सांगितली व त्यानें काय केलें, याची ती नोंद असते. डेन्व्हरच्या प्रकरणांत सांगणारे पुष्कळ होते. ऐकणारा कोणी नव्हता.

येथें आम्हांस आपल्याच घरांविषयीं थोडें कटु बोलावें लागत आहे. वडिलांनीं 'दसऱ्यापर्यंत होईल ना?' असें विचारलें कीं धाकट्यानें 'हो, होईल' म्हणावयाचें, ही आपली रीत. न होण्यासारखें आहे हें माहीत असूनहि 'नाहीं' म्हणणें हा उद्धटपणा ठरतो. अशा घरांत वाढलेला हुशार मुलगा कचेरींत साहेबासहि तेंच उत्तर देतो, व दसऱ्याच्या आदल्या दिवशीं सारें उघडकीस येतें. आदर म्हणजे होकार ही समजूत त्याच्या मनांत आपणच घातलेली असते. अभ्यासक्रम त्यास जाळें काढावयास शिकवील, जोड्या मोजावयास शिकवील. वडीलधाऱ्यांपुढें विनयानें व स्पष्टपणें 'या मुदतींत हें होणार नाहीं, अमुक होईल' असें म्हणण्याचें बळ तो देईलच अशी आमची खात्री नाहीं. तें माजघरांतच यावयास पाहिजे.

अलीकडे या विषयांत एक नवा संप्रदाय निघाला आहे. २००१ सालीं यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें जमलेल्या सतरा जणांनीं 'अजाइल' या नांवाचा जाहीरनामा काढला. सबंध व्यवस्था एकदम उभी करण्याऐवजीं थोडा थोडा चालता भाग वारंवार द्यावा, व वापरणाऱ्यास दाखवून पुढें जावें, असें त्यांचें म्हणणें. हें आम्हांस पुष्कळ अंशीं पटतें. सतरा लाखांऐवजीं पहिल्या वर्षीं एकाच परीक्षेच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासून पाहतां आल्या असत्या. परंतु या संप्रदायाच्याहि आतां परीक्षा व प्रमाणपत्रें निघालीं आहेत, आणि जुन्याच कामास नवीं नांवें देऊन समाधान मानणारेहि पुष्कळ झाले आहेत.

तेव्हां हा विषय घ्यावा. पण कोणत्या विद्यापीठांत घ्यावा हें ठरविण्यापूर्वीं दोन गोष्टी पत्र लिहून विचारून घ्याव्या. पहिली, शिकविणाऱ्यांत स्वतः असे प्रकल्प चालविलेला कोणी आहे काय. दुसरी, शेवटच्या सत्रांत विद्यार्थ्यांस एखाद्या खऱ्या संस्थेचें, ज्यांत वापरणारीं माणसें खरीं आहेत व तीं मध्येंच मत बदलतात असें, काम करावयास देतात काय. पुष्कळ ठिकाणीं तसें देतात. नुसत्या आकृत्या काढण्याची परीक्षा असेल, तर तेवढ्यासाठीं कर्ज काढण्याचें कारण नाहीं. त्या पुण्यांतहि काढतां येतील. शैक्षणिक कर्जाच्या अटींविषयीं दुसऱ्या कांहीं वाचकांनीं विचारलें आहे, त्याचा परामर्श जागेअभावीं पुढील अंकीं घेऊं.