पेशी : अभिमानाचा नव्हे, अभ्यासाचा विषय

आयुर्वेदाच्या सभासंमेलनांतून आधुनिक जीवशास्त्राचा विषय निघाला, की चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. पेशीचे ज्ञान आपल्या ऋषिमुनींना होतेच, असे एक पक्ष सांगतो. त्रिदोषांवर चिकित्सा करणाऱ्या वैद्याला पेशीशी काय कर्तव्य, असे दुसरा पक्ष विचारतो. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांचा परिणाम मात्र एकच होतो. पेशीचा अभ्यास करण्याची गरज दोघांनाही उरत नाही.

शरीराचे अवयव परमाणुभेदाने पाहू गेल्यास असंख्य, अतिसूक्ष्म व इंद्रियांना अगोचर आहेत, असा विचार चरकसंहितेच्या शारीरस्थानात आला आहे. त्या दृष्टीचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. तथापि तिला पेशीविज्ञान म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात सूक्ष्म कप्पे पाहिले आणि १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी पेशीसिद्धांत मांडला. हे ज्ञान सूक्ष्मदर्शकातून आले. परंतु मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून, नंतर तो थराथराने घासून पाहावा असे सांगणारे, प्रत्यक्ष व शास्त्र यांच्या मेळानेच ज्ञान वाढते असे मानणारे आचार्य सुश्रुत सूक्ष्मदर्शकाकडे पाठ फिरवून बसले असते काय, याचा विचार दुसऱ्या पक्षाने करावयास हवा.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. आपल्या नित्य वापरातील ज्येष्ठमधाचेच उदाहरण घेऊ. मधुर रसाचे, शीतवीर्य, वातपित्तशामक असे हे द्रव्य कास, स्वरभेद, आम्लपित्त यांत आपण विश्वासाने देतो. युरोपातही ते जठरव्रणावर दिले जात असे. हॉलंडमधील डॉ. रेव्हर्स यांनी १९४६ साली नोंदविले, की या औषधाने व्रणाच्या रुग्णांस उपशम मिळतो खरा, पण त्यांतील काहींच्या अंगावर सूज येते. असे का व्हावे, याचे उत्तर वृक्कातील पेशीत सापडले.

प्रत्येक वृक्कात सुमारे दहा लक्ष सूक्ष्मनलिका असतात. त्यांच्या अंतिम भागातील पेशींत अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा ग्राहक असतो. संप्रेरक त्याला जाऊन मिळाले, की पेशी सोडियम राखून ठेवते व पोटॅशियम मूत्रावाटे सोडते. अडचण अशी, की रक्तात अल्डोस्टेरॉनच्या कितीतरी पट असणारे कॉर्टिसॉलही याच ग्राहकाला चिकटू शकते. म्हणून या पेशीत एक एन्झाइम पहाऱ्यावर असते. ते कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनपासून आतड्यातील जीवाणू जे अम्ल तयार करतात, ते नेमके याच एन्झाइमला रोखते. पहारा उठला, की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते. सोडियम व त्यासोबत पाणी साठते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटते. स्नायूंचे दौर्बल्य आणि क्वचित हृदयगतीची विषमता ही त्याची पुढील पायरी होय. या क्रियेचा उलगडा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला.

आता मात्रेचा हिशेब पाहावा. युरोपीय संघाच्या खाद्यविषयक वैज्ञानिक समितीने २००३ साली नियमित सेवनासाठी ग्लिसिरायझिनची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम सुचविली. मुळात ते ४ टक्के धरले, तर ३ ग्रॅम चूर्णात १२० मिलिग्रॅम होते. दिवसातून दोन वेळा घेतल्यास २४० मिलिग्रॅम. निरोगी तरुणास आठ-दहा दिवस ही मात्रा बहुधा बाधणार नाही. पण रक्तदाबाचा वृद्ध रुग्ण, जो मूत्रल गोळीही घेतो आणि ‘घशाला बरे वाटते’ म्हणून महिनोन्‌महिने चूर्ण चघळतो, त्याचे काय? मूत्रल गोळीने पोटॅशियम आधीच घटत असते. त्यात डिगॉक्सिन चालू असेल तर धोका अधिकच. अशा रुग्णाचा वाढलेला रक्तदाब पाहून गोळीची मात्रा वाढविली जाते आणि कारण मात्र डबीत तसेच राहते.

कोणी म्हणेल, हे परकीयांचे आक्षेप आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. उत्तम औषधही अयुक्तीने वापरल्यास विषासमान होते, हा इशारा चरकाचार्यांचाच आहे. मात्रा, काल व रुग्णाचे बलाबल पाहणे म्हणजेच युक्ती. ज्येष्ठमध कोणाला, किती आणि किती दिवस द्यावे, हे ठरविताना वृक्कपेशीचे ज्ञान त्या युक्तीला साहाय्यच करते. रस-वीर्य-विपाकाची जागा ते घेत नाही, घेऊही नये.

म्हणून आमची वैद्यवर्गास विनंती आहे, की ज्येष्ठमध दीर्घकाळ देण्यापूर्वी रक्तदाब मोजावा, चालू असलेल्या सर्व औषधांची विचारणा करावी व औषधाचा अवधी चिठ्ठीवर स्पष्ट लिहावा. सूज, अशक्तपणा वा वाढता रक्तदाब आढळल्यास औषध थांबवून पोटॅशियमची तपासणी करावी आणि त्या घटनेची नोंद आयुषच्या औषधदक्षता केंद्राकडे द्यावी. औषधालयांच्या चालकांनी चूर्णाची डबी देताना ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे का’ एवढा एकच प्रश्न विचारावा. औषधनिर्मात्यांनी ज्येष्ठमधाचे प्रमाण आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी सूचना वेष्टनावर ठळकपणे छापावी. याला खर्च फारसा नाही. लागते ती दक्षता.

आपल्याकडे येणारा रुग्ण आयुर्वेदाचे औषध निर्धोक आहे या श्रद्धेने येतो. ती श्रद्धा राखण्याची जबाबदारी आपली आहे, आणि त्यासाठी पेशीचे पुस्तक पुन्हा उघडावे लागले, तर त्यात कमीपणा कसला?